संशोधक विद्यार्थ्याला विद्यापीठाने काय द्यावे?

पीएच.डी. मिळाली की महाराष्ट्रात कौतुकाला तोटा नसतो. गावच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, समाजाच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि नावाआधी ‘डॉ.’ लागल्याचा आनंद आईवडिलांच्या बोलण्यात कितीतरी दिवस डोकावत राहतो. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी अक्षरओळखही नव्हती, त्या घरातली मुलगी विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळवते तेव्हा तिचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे आणि ते वाटायलाच हवे. मात्र हे कौतुक करणारे घर असते, गाव असते, मित्रमंडळी असतात. ज्या संस्थेत राहून तिने हे काम केले, ती संस्था या आनंदात दिसते ती दीक्षान्त समारंभातल्या प्रमाणपत्रापुरती, आणि त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत ती दिसलेली असते ती शुल्काच्या पावतीवर, मुदतवाढीच्या अर्जावर आणि थकलेल्या अधिछात्रवृत्तीच्या (फेलोशिपच्या) चौकशीला मिळणाऱ्या ‘पुढच्या आठवड्यात या’ या उत्तरात.

माझे म्हणणे असे की, विद्यापीठाने संशोधक विद्यार्थ्याकडे नोंदणी झालेला एक उमेदवार म्हणून पाहणे सोडावे आणि त्याला आपल्याच कामातला माणूस मानावे. तसे मानल्याची खूण दोन गोष्टींत दिसायला हवी. त्याचे पैसे, त्याच्या समित्यांच्या बैठका आणि त्याच्या प्रबंधाचा निकाल ठरल्या वेळी व्हावा, ही पहिली. त्याने लिहिलेले कोणीतरी खरोखर वाचावे, ही दुसरी. पाठिंबा आणि गौरव या दोन्ही शब्दांचा अर्थ मला यापलीकडे फारसा दिसत नाही.

राज्य विद्यापीठातला पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा पंचविशी ओलांडलेला असतो. त्याने पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, दिलेली असते किंवा २०२४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) मोकळ्या केलेल्या वाटेने नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश घेतलेला असतो. मुलाखत, मग संशोधन व मान्यता समितीसमोर (आरआरसी) विषयाची मान्यता, मग कोर्सवर्क, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल असा त्याचा क्रम चालतो. याच काळात तो विभागातल्या एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांची प्रात्यक्षिके घेतो, परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभा राहतो, चर्चासत्राच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो आणि संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की रात्र-रात्र फायली लावत बसतो. यातले एकही काम त्याच्या प्रबंधात मोजले जात नाही. विद्यापीठाच्या खात्यावर मात्र ते सारे जमा होते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीत किती विद्यार्थी पीएच.डी. होऊन बाहेर पडले याला स्वतंत्र गुण आहेत, नॅकच्या मूल्यमापनात संशोधनाचा स्वतंत्र निकष आहे, आणि शोधनिबंधांच्या ज्या संख्येवर विद्यापीठे आपली मानांकने सांगतात त्यांतला मोठा वाटा या मुलामुलींच्या हातचा असतो. ज्यांच्या कामावर संस्थेचा क्रमांक ठरतो, त्यांना संस्थेत बसायला टेबल, कुलूप लावता येईल असे कपाट आणि ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत प्रवेश मिळावा, ही मागणी काही मोठी नाही. तरीही कित्येक महाविद्यालयीन संशोधन केंद्रांत संशोधकाची जागा म्हणजे स्टाफरूमच्या कोपऱ्यातली, कोणी उठले तर मिळणारी खुर्ची असते.

आता पैशांविषयी. यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, २०१० मध्ये महिना १६,००० रुपये झाली, २०१४ मध्ये २५,०००, २०१९ मध्ये ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. दोन वर्षांनंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती म्हणून आता ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. रक्कम लहान नाही, असे कोणी म्हणेल आणि ते मला मान्य आहे. पण या चार आकड्यांमधली अंतरे पाहावीत. चार-चार, पाच-पाच वर्षे दर जागचा हलत नाही, आणि तो हलावा यासाठी दिल्लीपासून बंगळुरूपर्यंतच्या संशोधकांना प्रयोगशाळा सोडून रस्त्यावर यावे लागते. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो आणि त्यासाठी त्याला घोषणा द्याव्या लागत नाहीत. अधिछात्रवृत्तीची सांगड त्याच महागाई निर्देशांकाशी घातली, तर दर काही वर्षांनी होणारी ही ओढाताण थांबेल. हा निर्णय केंद्राच्या हातात आहे, हे खरे. पण कुलगुरूंनी एकत्रितपणे तो मागायला कोणाची आडकाठी नाही.

दर ठरवणे विद्यापीठाच्या हाती नसले, तरी ठरलेला पैसा वेळेवर पोचवणे पुष्कळसे त्याच्याच हाती असते, आणि माझा आग्रह मुख्यतः त्याविषयी आहे. यूजीसीची अधिछात्रवृत्ती विद्यार्थ्याच्या बँक खात्यात थेट जमा होते, असे सांगितले जाते, आणि ते बरोबरही आहे. पण ती आपोआप जमा होत नाही. संस्थेने दर महिन्याला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर जाऊन ‘हा विद्यार्थी या महिन्यात काम करत होता’ अशी खात्री द्यावी लागते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून ती पुढे पाठवायची, अशी दोन माणसांची व्यवस्था आहे. संशोधकांच्या बोलण्यात त्यांना ‘मेकर’ आणि ‘चेकर’ म्हणतात. त्याआधी संशोधकाने हजेरीपत्रकावर मार्गदर्शकाची सही घ्यायची, विभागप्रमुखाची सही घ्यायची, शिक्का मारून घ्यायचा आणि तो कागद त्या टेबलापर्यंत न्यायचा. मार्गदर्शक परगावी परिषदेला गेले असतील, विभागप्रमुख दुसऱ्या विद्यापीठात निवड समितीवर असतील किंवा ज्या लिपिकाकडे लॉगिन आहे तो निवडणुकीच्या कामावर असेल, तर त्या महिन्याची खात्री राहून जाते. मग ती पुढच्या महिन्याला जोडून द्यायची, ती न जमल्यास आणखी एक पत्र, आणि घरभाडे भत्ता व आकस्मिक खर्चाची बिले त्याहून मागे. संशोधकाच्या खोलीचे भाडे आणि मेसचे बिल मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच द्यायचे असते.

यात कोणा लिपिकाची आळशी वृत्ती शोधण्यात अर्थ नाही. विद्यापीठांच्या कार्यालयांत जागा रिकाम्या आहेत आणि एकेका टेबलावर तीन-तीन टेबलांचे काम आहे. प्रश्न असा आहे की, प्राध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार याच कार्यालयांतून, याच माणसांकडून, ठरल्या तारखेला निघतो. तो निघतो कारण तो निघाला नाही तर काय होईल याची संस्थेला कल्पना असते. संशोधकाच्या पैशाला तारीख नाही, कारण त्याच्या उशिराचा हिशेब कोणी मागत नाही. ज्याच्याकडे लॉगिन आहे तो रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे लेखी ठरवणे. प्रत्येक महिन्याची खात्री पाठवल्याची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावणे. आणि दोन महिन्यांहून अधिक थकबाकी राहिल्यास तो विषय आपोआप कुलसचिवांसमोर जाणे, एवढ्या तीन गोष्टींना एक रुपयाचाही जादा खर्च नाही.

थकलेला पैसा म्हणजे केवळ गैरसोय, असे ज्यांना वाटते त्यांनी हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाचे अखेरचे पत्र आठवावे. १७ जानेवारी २०१६ रोजी झालेल्या त्या मृत्यूमागची कारणे अनेक होती आणि फार खोल होती. पण त्या पत्रातही सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, येणे आहे ती घरच्यांना मिळावी आणि त्यातून एका मित्राचे देणे फेडले जावे, हे लिहिलेले आहे. जगाचा निरोप घेतानाही ज्याला हा हिशेब लिहावा लागला, त्याच्यावर त्या थकबाकीचे ओझे किती असेल, याचा विचार प्रत्येक वित्त व लेखा अधिकाऱ्याने एकदा करावा.

राज्याच्या पातळीवर चित्र याहून विस्कळीत आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती या संस्थांनी गेल्या काही वर्षांत संशोधकांना अधिछात्रवृत्ती द्यायला सुरुवात केली, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. ज्या घरांतून पूर्वी एम.ए.पर्यंतही कोणी जात नसे, त्या घरांतली मुले या आधारावर संशोधनाला लागली. परंतु निवड कशी करायची, किती जणांना द्यायची, कोणत्या तारखेपासून द्यायची, याचे निर्णय नोंदणी झाल्यानंतर कित्येक महिने लोंबकळत राहिले. २०२३ साली बार्टीकडे अर्ज केलेले संशोधक मुंबईत आझाद मैदानावर दीर्घकाळ धरणे धरून बसले होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी जी चाळणी परीक्षा झाली, तिच्यात २०१९ च्या सेट या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिका पुन्हा दिली गेल्याचे उघड झाले. १० जानेवारी २०२४ ला परीक्षा पुन्हा ठेवली, तेव्हा प्रश्नपत्रिकांची पाकिटे सीलबंद नसल्याचा आक्षेप घेऊन परीक्षार्थींनी बहिष्कार टाकला. ज्यांना अभिलेखागारात किंवा प्रयोगशाळेत असायला हवे होते, ते महिनोन्महिने मैदानात आणि परीक्षा केंद्रांच्या दारात होते.

याच सुमारास, डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा प्रश्न तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत विचारला. त्यावर संताप व्यक्त झाला आणि तो योग्यच होता. तरी मला वाटते, त्या प्रश्नाला संतापाबरोबर उत्तरही दिले पाहिजे, कारण तो प्रश्न एकट्या नेत्याचा नाही. कर भरणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मनात तो असतो.

त्याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे आणि ते सर्वांना ठाऊक असलेल्या माणसाचे आहे, पण त्यातला एक तपशील क्वचित सांगितला जातो. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने दिलेल्या, महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिथले काम आटोपून १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून तिथले संशोधन अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. तीन वर्षे गेली. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. आपण ही कथा जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण ती शिष्यवृत्ती कमी पडल्याचीही कथा आहे. आंबेडकरांच्या ठायी असामान्य चिकाटी होती आणि पाठीशी एक राजा होता, म्हणून ते काम पुरे झाले. मुदत संपल्यावर परतलेले आणि पुन्हा कधीच न गेलेले किती असतील, त्यांची नावे कोणत्याच ग्रंथात येत नाहीत. सार्वजनिक धोरण आखायचे ते या दुसऱ्या माणसांसाठी.

खरे तर ज्यांच्या अधिछात्रवृत्तीची चर्चा होते, ते संशोधकांतले त्यातल्या त्यात बरे. बहुसंख्यांना काहीच मिळत नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यालाही महिना ८,००० रुपये मिळतात. २०१५ च्या ऑक्टोबरात यूजीसीने ते बंद करायचे ठरवले, तेव्हा दिल्लीत यूजीसीच्या दारात विद्यार्थी ठाण मांडून बसले होते. आमच्या राज्य विद्यापीठांत तेवढी रक्कमही हक्काची नाही. त्यामुळे एकाच विभागात, एकाच मार्गदर्शकाकडे, शेजारी-शेजारी बसून काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला ४२,००० रुपये मिळतात आणि दुसरी तासिका तत्त्वावर दोन गावांच्या महाविद्यालयांत शिकवून, एसटीच्या प्रवासात उत्तरपत्रिका तपासून संध्याकाळी प्रबंधाला बसते. तासिकांचे मानधनही महिन्याच्या महिन्याला येत नाही. ते सत्र संपल्यावर एकगठ्ठा येते. तिच्या प्रबंधाला सात वर्षे लागली, तर दोष तिच्या अभ्यासूपणाला देता येणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत नियम पूर्वीपेक्षा समजूतदार झाले आहेत, हे नोंदवायला हवे. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत पीएच.डी.च्या संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे आणि कमाल मुदतीत जादा दोन वर्षांची सवलत आहे. १९३३ साली कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला होता आणि नंतर वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर तो मिळाला. १९३९ मध्ये त्या केंब्रिजहून पीएच.डी. होऊन आल्या. तिथपासून आपण पुष्कळ पुढे आलो. तरी ही रजा आहे हे कित्येकींना मुदत संपत आल्यावर एखाद्या मैत्रिणीकडून कळते. प्रवेशाच्या दिवशी हातात देण्याच्या कागदात या दोन ओळी छापता येतील.

आता दुसऱ्या बाजूच्या सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. पीएच.डी.ची संख्या वाढली, दर्जा घसरला, इकडून तिकडून उचललेले प्रबंध पदोन्नतीसाठी सादर होतात, मग त्यांना आणखी आधार कशाला द्यायचा, असे म्हटले जाते. दर्जाविषयीची ही तक्रार मी फेटाळणार नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय संग्रहस्थळावर अपलोड झालेले प्रबंध कोणीही उघडून पाहू शकतो आणि त्यांतले कित्येक पाहून वाईट वाटते. पण असा प्रबंध तयार कसा होतो, हे पाहिले तर उपाय वेगळ्याच दिशेला सापडतो. विद्यार्थी प्रकरण लिहून मार्गदर्शकाला देतो. ते चार महिने टेबलावर राहते आणि ‘ठीक आहे, पुढचे लिहा’ एवढ्या शेऱ्यानिशी परत येते. सहामाही सादरीकरणाला समितीचे सदस्य येतात, सरकपट्ट्या (स्लाइड्स) बघतात, सह्या करतात, चहा होतो. सादर करण्याआधी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर जातो आणि यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी घालून दिलेल्या दहा टक्क्यांच्या आत साम्य आले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. सहा वर्षांत त्या मजकुराशी कोणी वाद घातलेला नसतो. ज्याचे लिखाण कोणी वाचणार नाही हे त्याला दुसऱ्या वर्षीच कळले, त्याने ते जीव ओतून लिहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मार्गदर्शकांनाही याचा सगळा दोष देता येत नाही. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला की नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. हे नियम शहाणपणाचे आहेत. पण वर्षानुवर्षे प्राध्यापकभरती रखडली, विभागातले ज्येष्ठ एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या नाहीत, की उरलेल्या दोघा-तिघांवर अध्यापन, परीक्षा, प्रशासन आणि सगळ्यांचे प्रबंध येतात. संशोधक विद्यार्थ्यांना पाठिंबा द्यायचा म्हणजे त्यांना वाचणारी माणसे नेमायची. म्हणून भरतीचा प्रश्न हा संशोधकांचाही प्रश्न आहे, आणि प्राध्यापक संघटनांनी व संशोधकांनी तो एकत्र मांडायला हवा.

वाचनातला उशीर प्रबंध सादर झाल्यावरही संपत नाही. प्रबंध दिल्यापासून मौखिक परीक्षेच्या निकालापर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत पुरी व्हावी, असे यूजीसीचे विनियम सांगतात. प्रत्यक्षात परीक्षकांची नावे ठरणे, त्यांची संमती येणे, प्रबंध पोचणे, स्मरणपत्रे जाणे यांत वर्ष उलटल्याची उदाहरणे प्रत्येक विभागात सापडतील. या काळात अधिछात्रवृत्ती थांबलेली असते, वसतिगृह सोडावे लागते आणि जाहिरात निघाली तरी अर्जात ‘पीएच.डी. प्राप्त’ असे लिहिता येत नाही. आयुष्यातली ही सर्वांत अधांतरी अवस्था निव्वळ टपालाच्या आणि सह्यांच्या गतीमुळे लांबते.

आणि मग तो दिवस येतो. खुल्या मौखिक परीक्षेच्या अनेक दालनांत मी बसलो आहे. दाराशी रांगोळी असते, आई ठेवणीतली साडी नेसून आणि वडील नवी टोपी घालून मागच्या रांगेत बसलेले असतात, विषय कळत नसला तरी मुलीच्या प्रत्येक वाक्याला त्यांची मान हलते. तिचे निवेदन होते, परीक्षक दोन-तीन प्रश्न विचारतात, उत्तरे होतात, शिफारस जाहीर होते, टाळ्या पडतात. सुंदर प्रसंग असतो तो. पण त्या दिवशीचा चहा, नाश्ता, पाहुण्यांचे जेवण, पुष्पगुच्छ, शाली आणि कित्येकदा परीक्षकांच्या राहण्या-फिरण्याची व्यवस्था विद्यार्थ्याच्या खिशातून होते. कोणी तशी लेखी मागणी करत नाही. आधीच्यांनी केले म्हणून पुढचे करतात, आणि न करणाऱ्याला आपले काही चुकेल का, अशी धास्ती वाटते. वर्षभर पैसा न मिळालेल्या मुलीने उसने काढून परीक्षकांना जेवण घालावे, ही प्रथा विद्यापीठाने चालू देता कामा नये. परीक्षकांचा प्रवास आणि भत्ता विद्यापीठ देतेच; त्याच्या जोडीला त्या दिवशीचे यजमानपदही विद्यापीठाने घ्यावे, आणि विद्यार्थ्याकडून कोणत्याही स्वरूपात खर्च किंवा भेट घेतली जाणार नाही, असे परिपत्रक काढावे. घरच्यांनी पेढे वाटले तर तो त्यांचा आनंद. त्याला कोणी हात लावायचे कारण नाही.

गौरवाचा खरा प्रश्न मात्र जेवणाच्या पलीकडचा आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा आंबेडकरांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी. त्या प्रस्तावनेत कॅनन स्पष्ट सांगतात की, लेखकाचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत. आणि तरीही त्याच्या विचारांतला ताजेपणा मोलाचा आहे. मला हा विद्यार्थ्याचा फार मोठा सन्मान वाटतो. मार्गदर्शकाने पान-पान वाचले, मतभेद जाहीरपणे नोंदवले आणि पुस्तकाला आपले नाव दिले. आपल्याकडच्या किती प्रबंधांच्या वाट्याला असा एक जाहीर मतभेद येतो?

म्हणून दरवर्षी सत्काराचा एखादा सप्ताह साजरा करण्याऐवजी विद्यापीठांनी वाचनाचा कार्यक्रम ठेवावा, असे मी सुचवतो. त्या वर्षी पदवी मिळालेल्या प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचा पंधराशे-दोन हजार शब्दांचा मराठी सारांश लिहावा, विषय रसायनशास्त्राचा असो वा संस्कृतचा, आणि विद्यापीठाने त्यांचा वार्षिक खंड काढून संलग्न महाविद्यालयांना, जिल्हा ग्रंथालयांना आणि आमदारांना पाठवावा. उसाच्या पट्ट्यातल्या जमिनींच्या खारटपणावर कोणी काम केले असेल, आदिवासी पाड्यातल्या बोलीवर कोणी, जुन्या गिरणगावातल्या चाळींवर कोणी. ज्या गावकऱ्यांनी त्या संशोधकाला माहिती दिली, ओसरीवर बसवून चहा पाजला, त्यांच्या हातात तो खंड पडला तर ‘काय दिवे लावले’ या प्रश्नाचे उत्तर विधान परिषदेत द्यावे लागणार नाही. आणि निवडक आठ-दहा प्रबंधांवर, ज्या विभागातून ते आले त्याच विभागात, दिवसभराची चर्चा ठेवावी. लेखकाने बोलावे आणि दोघांनी आधी वाचून येऊन त्याच्याशी वाद घालावा.

नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, त्याच्याशी करार होतो, त्याला रजा आणि निवृत्तिवेतनाचा वाटा मिळतो. अमेरिकेत खासगी विद्यापीठांतल्या अध्यापन-सहायकांना कामगार मानायचे की नाही हा वाद कोलंबिया विद्यापीठाच्याच प्रकरणात २०१६ साली तिथल्या कामगार मंडळाने त्यांच्या बाजूने सोडवला, आणि २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी, ज्यांत बहुतांश संशोधक विद्यार्थी होते, संप करून वेतन वाढवून घेतले. आपण उद्याच तसे करू शकतो असे मी म्हणत नाही. पण संशोधक हा संस्थेसाठी काम करतो, हे तत्त्व मान्य करायला आपल्या तिजोरीचा आकार आड येत नाही.

सुरुवात कुठून करायची, याविषयी माझे मत ठाम आहे. दरवर्षी मार्चच्या सुमारास विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेसमोर (सिनेटसमोर) येतो. त्यात संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र शीर्ष असावे आणि त्याखाली तीन तरतुदी असाव्यात: कोणतीच अधिछात्रवृत्ती नसलेल्या पूर्णवेळ संशोधकांना केंद्रीय विद्यापीठांइतके, म्हणजे निदान ८,००० रुपये मासिक साहाय्य, शासनाकडून किंवा यूजीसीकडून येणारी रक्कम लांबल्यास त्या संशोधकाला विद्यापीठाच्या निधीतून बिनव्याजी आगाऊ रक्कम, जी थकबाकी आल्यावर परस्पर वळती होईल, आणि मौखिक परीक्षेच्या दिवसाचा सगळा खर्च. पहिल्या तरतुदीसाठी राज्य शासनाकडे हात पसरावे लागतील आणि त्याला वेळ लागेल. दुसरी आणि तिसरी येत्या अर्थसंकल्पातच बसवता येतील, कारण आगाऊ दिलेली रक्कम परत येणारी आहे आणि मौखिक परीक्षेचा खर्च कोणत्याही एका उद्घाटन समारंभाच्या मंडपाहून कमी आहे. अधिसभेतल्या पदवीधर आणि अध्यापक प्रतिनिधींनी यंदाच हे प्रस्ताव लेखी द्यावेत, आणि त्यासोबत आपल्या विद्यापीठात आज किती संशोधकांची अधिछात्रवृत्ती किती महिन्यांपासून थकली आहे, याची विभागवार यादी प्रशासनाकडून मागून घ्यावी.